बाई दोषी की निर्दोष?

खरवईच्या आमच्या सोसायटीत नवीन भाडेकरू आला की सेक्रेटरी त्याच्याकडे आधार कार्ड मागतात. पण त्याआधीच तावडेकाकांनी त्याला जिन्यात गाठलेलं असतं. नाव-गाव नाही, एकच प्रश्न. "बाई दोषी की निर्दोष?"

बाई एका जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमातली. श्रीमंत नवऱ्याचा खून होतो. खुनी डावखुरा आहे, एवढं इन्स्पेक्टर सांगतो. शेवटी अंधाऱ्या खोलीत बायको काडी ओढते, उजेडात तिचा हात दिसतो आणि सिनेमा संपतो. कबुली नाही, अटक नाही.

"समीक्षक म्हणाले, सावल्या बोलतात," काका सांगत. "पब्लिक म्हणालं, पैसे परत द्या!" काकांनी सगळ्यांची मतं गोळा केली होती. उल्हासनगरचा त्यांचा कापडवाला म्हणाला होता, "साईं, हिरॉईन की साडी ही नहीं दिखी, काहे की पिक्चर?" स्टेशनवरचा रिक्षावाला म्हणाला, "काका, बाई दोषीच. असल्या बाया शेअरमध्ये बसून सुट्टे देत नाहीत."

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. सिनेमा म्हणजे गावच्या जत्रेतला तंबू आणि हाणामारी, एवढंच मला ठाऊक. पडद्यावर अंधार असला तर त्यातही काहीतरी बघायचं असतं, हे मला काकांनी शिकवलं. मोबाईलवर तो सिनेमा दाखवताना ते मध्येच थांबवायचे. "घाई करू नकोस. डोळ्यांना सवय होऊ दे." कॉलेजात कुणी इतक्या मायेनं शिकवल्याचं मला आठवत नाही.

काकांच्या मते बाई दोषी. काकूंच्या मते निर्दोष. रोज सकाळी चहाबरोबर हा खटला उभा राही.

"अहो, उजव्या हातानं काडी ओढली तिनं. या डोळ्यांनी बघितलंय मी!"

"डावा होता गं."

"बाईमाणूस दिसलं की घ्या आळ! सगळे पुरुष मेले सारखेच."

काकू मोबाईलवर सिनेमा कधीच बघत नसत. एवढ्याशा काचेत त्यांना काही दिसत नाही.

मागच्या वर्षी गणपतीत सेक्रेटरींनी जाहीर केलं की या वेळी काकांचा तो सिनेमा गच्चीवर दाखवायचा, प्रोजेक्टर लावून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांचा चेहरा उतरला.

"नको. प्रिंट खराब असेल," ते म्हणाले. मग, "म्हाताऱ्यांना गच्ची चढवणार का?" मग, "गणपतीत खून कसले दाखवता?"

मी त्यांना बाजूला घेतलं. "काका, झालं काय?"

ते हळू आवाजात बोलू लागले. तरुणपणी ते अंबरनाथला कारखान्याच्या वसाहतीत राहत. मैदानात दोन बांबूंना पांढरं कापड बांधून सिनेमा दाखवत. पुरुष पुढे बसत, बाया-पोरी कापडाच्या मागे. काकू तेव्हा शेजारच्या चाळीतल्या. तो सिनेमा दोघांनीही तिथेच पाहिलेला. पुढे मुलगी बघायच्या कार्यक्रमात काकांनी काय विचारावं? तोच प्रश्न. ती म्हणाली, "निर्दोष." काकांनी तिथेच होकार दिला.

"लग्नानंतर कितीतरी वर्षांनी ती सहज म्हणाली, मागून सिनेमातल्या पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसायची, आम्ही पोरी हसायचो. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अक्षरं उलटी, तर हातही उलटा."

"मग सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? की त्या बाईची बाजू घेऊन तू जन्मभर भांडलीस, ते चुकीच्या बाजूला बसली होतीस म्हणून?" काका कठड्याकडे बघत राहिले. "आता पुढे बसून बघेल. कळेल तिला."

कार्यक्रमाच्या दिवशी सेक्रेटरींनी आणलेला जाड पडदा काकांनी नापास केला आणि घरून पातळ धोतर आणलं. गच्चीच्या मधोमध दोरीवर ते ताणलं आणि त्याच्या मागे दोन खुर्च्या मांडल्या.

"इकडे कशाला?" काकू म्हणाल्या. "पुढे जागा आहे की."

"पुढे मच्छर आहेत."

"मच्छर काय तिकीट काढून बसलेत पुढे?" असं म्हणत काकू बसल्या. दोघांना पाणी द्यायला गेलो आणि मीही तिथेच टेकलो.

शेवट आला. अंधार. काडी पेटली.

"डावा! डावा हात! बाईच खुनी!" पुढून कुणीतरी ओरडलं.

काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"यांना चष्मे लागलेत सगळ्यांना," काकू शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही बघा. कुठला हात?"

काका कापडाकडे बघत होते. या बाजूनं त्यांनी तो सिनेमा कधीच पाहिला नव्हता.

"उजवा," ते म्हणाले. "निर्दोष आहे गं ती."

काकूंनी वळून काकांकडे पाहिलं. मग त्यांच्या कपाळाला हात लावला.

"अहो, बरं आहे ना तुम्हाला?"