वळसंग रस्त्यावरची पोच

ज्या माणसाच्या मोटारीला बैलगाड्या मागं टाकून जात, त्या माणसावर भरधाव मोटारवाल्यांना पाठीशी घातल्याचा खटला झाला. हे फक्त आमच्या सोलापुरात होऊ शकतं. त्या माणसाचं नाव नरहरपंत वकील. ते माझे शेजारी होते, म्हणजे आमच्या दोघांच्या घरांत एक भिंत होती आणि त्या भिंतीवरूनही त्यांनी एकदा नोटीस दिली होती.

नोटीस देणं हा नरहरपंतांचा श्वासोच्छ्वास होता. न्हाव्याला, दूधवाल्याला, देवळाच्या पंचांना, सख्ख्या भावालासुद्धा त्यांनी नोटिसा दिल्या होत्या. मी हायस्कुलात भूगोल शिकवायला लागलो आणि त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा पहिल्याच सकाळी ते फाटकाशी दिसले. मी आपला सहज म्हणालो, "काय वकीलसाहेब, कुठं निघालात?" संध्याकाळी रीतसर नोटीस हजर. आमच्या अशिलाच्या येण्याजाण्याची चौकशी करण्याचा तुम्हाला काय अधिकार, याचा खुलासा करावा. अशील तेच आणि वकीलही तेच. तेव्हापासून मी त्यांना काही विचारणं सोडून दिलं. गल्लीनं तर कधीच सोडलं होतं. नरहरपंत रस्त्यानं निघाले की माणसं रामराम घालायच्या ऐवजी गिरणीच्या धुराड्याकडे बघायला लागत.

बायको वारलेली, मूलबाळ नाही. घरी एक आचारी होता, तो कानानं ठार बहिरा. नरहरपंतांच्या घरी टिकायला हीच लायकी लागत असावी.

कुठल्याही गोष्टीवर त्यांचं एकच वाक्य असे. "कायद्यात कुठं लिहिलंय, दाखवा." आमटीत मीठ जास्त आहे असं आचाऱ्याला खुणेनं सांगितल्यावर तो उलट हातवारे करायला लागला, तर त्यालाही हेच. त्याला ऐकू येत नसे हे त्याचं भाग्य.

या माणसानं एका जहागीरदाराची जुनी उघडी मोटार विकत घेतली. डोक्याला उपरणं गुंडाळायचं, दोन्ही हातांनी चक्र गच्च धरायचं आणि संध्याकाळी अक्कलकोटच्या रस्त्यानं वळसंगच्या बाजूला जाऊन परत यायचं, हा त्यांचा नेम. मोटारीचे पुढचे दोन दिवे ते स्वतः राखेनं आणि लिंबानं घासत. बाकीची मोटार धुळीनं माखलेली असली तरी चालत असे. आता मोटार म्हणजे अपघात, अपघात म्हणजे खटला आणि खटला म्हणजे साक्षीदार. तेव्हा शेजारच्या आसनावर एक साक्षीदार कायमचा बसवावा असं त्यांनी ठरवलं आणि त्या जागेवर माझी नेमणूक केली. "मास्तर, बसा. बोलू नका. फक्त बघत राहा." मला तेवढीच हवा लागत होती, म्हणून मी जात असे.

त्या वेगाला हवा लागत होती असं म्हणणं हीही खोटी साक्षच. एकदा कडब्यानं भरलेली बैलगाडी आम्हाला मागं टाकून गेली. वरचा म्हातारा कडब्यावरून वाकून म्हणाला, "वकीलसायब, मोटार बिगाडली असंल तर दोर हाय माज्याकडं. बांधू का?" नरहरपंतांनी त्याचं नाव आणि गाव विचारून घेतलं. तो मंगळवेढ्याचा, म्हणजे संस्थानी हद्दीतला निघाला, नाहीतर नोटीस निश्चित होती.

पण समोरून मोटार दिसली की नरहरपंत एकदम बदलत. पाठ ताठ होई, उजवा हात बटणावर जाई आणि दिवे लख्ख पेटत, विझत, पुन्हा पेटत. एकदा न राहवून मी विचारलंच, तेव्हा ते म्हणाले, "पुढं पोलीस आहेत, हे सांगतोय."

पोलीस होते, ही गोष्ट खरी. गावात नवे फौजदार आले होते आणि मोटारींचा वेग पाहून त्यांचं रक्त उसळलं होतं. वळसंगच्या अलीकडे त्यांनी दोन बाभळी निवडून त्यांना चुन्याचे पट्टे मारले. पहिल्या बाभळीमागं हवालदार रुमाल घेऊन बसे. मोटार गेली की तो रुमाल हलवी आणि दुसऱ्या बाभळीमागं खुद्द फौजदार घड्याळ दाबत. ते घड्याळ आमच्या शाळेच्या ड्रिलमास्तरांचं. शर्यतींसाठी मागवलेलं, ते फौजदारांनी उसनं नेलं आणि ठेवूनच घेतलं. त्या वर्षी आमच्या शाळेतलं कोण किती जोरात धावलं हे कुणालाच कळलं नाही. चुन्याचे पट्टे असल्यामुळे पोलीस कुठं बसतात हे अक्कलकोटपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कधी बसतात, एवढंच गुपित होतं. ते नरहरपंत दिव्यानं फोडत.

म्हणजे असा माझा समज. कारण कित्येकदा बाभळीमागं चिटपाखरूही नसे आणि तरी दिवे पेटत. मी तसं म्हटलं की ते म्हणत, "पोलीस कुठंही असू शकतो, मास्तर. सावधगिरी." समोरची मोटार मग आपले दिवे मिचकावी. ते झालं की नरहरपंत समाधानानं मान हलवत. "पोच मिळाली." नोटिशीची पोच मिळावी लागते, तशी यांना दिव्याचीही पोच लागे. एखादा नवखा डायव्हर उत्तर न देता निघून गेला, तर ते मान वळवून मागं त्या धुळीकडे बघत राहत. तेवढ्यात आपली मोटार रस्ता सोडून करडईच्या शेतात शिरते आहे हे साक्षीदारालाच ओरडून सांगावं लागे.

फौजदारांना आठवडाभर एकही मोटार सापडेना. सगळ्या मोटारी वरातीतल्यासारख्या येऊ लागल्या. त्यांना संशय आला. त्यांनी आणखी एक हवालदार पुढं ज्वारीत लपवून बसवला. त्याच संध्याकाळी आम्ही बाभळी ओलांडून पुढं गेलो. समोरून अक्कलकोटची सर्व्हिस मोटार आली. ती कासीमभाई चालवत असे. नरहरपंतांनी दिवे मिचकावले, कासीमनं मिचकावले, आणि ज्वारीतून हवालदार उभा राहिला.

"वकीलसायब, थांबा."

आम्ही बहुधा थांबलेलोच होतो. आमच्या वेगात तेवढा फरक कळत नसे.

"कशाबद्दल?" नरहरपंत म्हणाले.

"तुमी दिवा हानला. त्यो कासीम गोगलगाईवानी ग्येला की फुडं. फौजदारसायबाचं घड्याळ वाया ग्येलं."

"दिवा माझा, बॅटरी माझी. अंधार तेवढा सरकारी. मी माझा दिवा कधी लावावा हे कायद्यात कुठं लिहिलंय, दाखवा."

"कायद्यात काय लिवलंय त्ये फौजदारसायबास्नी ठावं. मला फकस्त तुमचं नाव लिवून आनाया सांगितलंय."

सरकारी नोकराच्या कामात अडथळा आणल्याचा खटला उभा राहिला. नरहरपंतांना मी इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. स्वतःच आरोपी, स्वतःच वकील, शिवाय फी बुडण्याची भीती नाही. पण बार-रूममधली मंडळी हलक्या आवाजात वेगळं बोलत होती. शिक्षा झाली तर सनदेवर बालंट येणार. मोटारीचा परवानाही जाणार. या वयात सनद गेली तर नोटिसा तरी कुठल्या अधिकारानं देणार?

खटल्याच्या दिवशी कोर्ट गच्च भरलं होतं. नोटिसा मिळालेले सगळेच आले होते, त्यामुळे बाहेरगावच्यांना जागा उरली नाही. नरहरपंत उठले आणि त्यांनी बाजू मांडली. ती खरोखर झकास होती, हे मला, नोटीस मिळालेल्या माणसालाही, कबूल करावं लागतं.

"साहेब, मोटारी हळू चालाव्यात ही सरकारची इच्छा. मी दिवा दाखवला, मोटार हळू झाली. म्हणजे फौजदारांचं काम मी केलं, तेही विनावेतन. मग अडथळा आला कशाला? दंडाला. तेव्हा सरकारनं एकदा सांगून टाकावं, सरकारला वेग कमी व्हायला हवाय की दंड वाढायला हवाय?"

लोक हसले. मॅजिस्ट्रेट भला माणूस होता आणि उकाड्यानं बेजार झाला होता. तो म्हणाला, "वकीलसाहेब, तुमचं वय, तुमची सनद, सगळं माझ्यासमोर आहे. यापुढं रस्त्यात दिवा दाखवणार नाही, एवढं लिहून द्या. प्रकरण इथंच मिटवू."

सरकारी वकिलानं मान डोलावली. फौजदारांनीही डोलावली. सगळं कोर्ट नरहरपंतांकडे बघायला लागलं. त्यांचा हात टेबलाच्या कडेवर, बटण शोधावं तसा फिरत होता.

"तेवढं जमणार नाही," ते म्हणाले. त्यात कायद्याचा एक शब्दही नव्हता.

मला वाटलं, तत्त्वाचा माणूस. खडूस, पण तत्त्वाचा. मनातल्या मनात मी त्यांची भिंतीवरची नोटीस माफ केली.

मग सरकारी वकिलानं कासीमला पिंजऱ्यात उभं केलं. दिवा पाहून आपण वेग कमी केला, एवढं त्याच्या तोंडून आलं की काम झालं.

"दिवा दिसल्यावर मोटार हळू केलीस?"

"साब, हळू कराया ती पैलं जोरात पायजे की. माझ्या मोटारीत इत्ता दम असता तर मी हितं कशाला राहिलो असतो?"

"पुढं पोलीस आहेत असा त्या दिव्याचा अर्थ. हे तुला ठाऊक होतं."

"न्हाई साब."

"मग दिव्याचा अर्थ काय?"

"सलाम."

सरकारी वकील हसला. "रस्त्यात मोटारीनं सलाम?"

"हौ साब. वकीलसाब रोजच दिवा मारतेत. पोलीस असू दे, नसू दे. ईदला बी, दसऱ्याला बी. पैलं आमाला बी वाटलं, फुडं पोलीस हाय. हळू गेलो, तर कोनच न्हाई. दुसऱ्या दिवशी बी कोन न्हाई. मग आमच्या ध्यानात आलं."

"काय ध्यानात आलं?"

कासीमनं एकदा नरहरपंतांकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. "बीबी गुजर गयी, साब. घर में बोलने कू कोई नै. गावात बी कोन बोलत न्हाई त्यांच्याशी. मग आमी डायव्हर लोकांनी ठरवलं. वकीलसाबकू जवाब दिये बगैर जाने का नै. तेवढंच हाय. त्यात पोलिसाचं काय न्हाई."

कोर्टात पंख्याची दोरी ओढणाऱ्याचा हातसुद्धा थांबला. नोटिसा मिळालेली मंडळी आपापल्या पायांकडे बघायला लागली. मीही त्यातच होतो.

नरहरपंत ताडकन उठले. चेहरा लालभडक झाला होता. "हरकत आहे!"

"वकीलसाहेब," मॅजिस्ट्रेट हळूच म्हणाला, "ही साक्ष तुमच्या बाजूची आहे."

"तरीही हरकत आहे. साक्षीदार... साक्षीदार असंबद्ध बोलतोय. मी पोलिसांची सूचना देत होतो. कायदेशीर सूचना! मला त्या मुद्द्यावर निकाल हवाय."

तो त्यांना मिळाला नाही. मॅजिस्ट्रेटनं निकालात लिहिलं की आरोपीचा दिवा हा नमस्काराचा प्रकार होता आणि नमस्कार करणं हा गुन्हा नाही. सबब निर्दोष. पुढं पोलीस आहेत हे डायव्हरनं डायव्हरला दिव्यानं सांगणं कायद्यात बसतं की नाही, हा प्रश्न आमच्या सोलापुरात तसाच लटकत राहिला. सनद वाचली, परवाना वाचला. आणि खटला जिंकलेला माणूस खाली मान घालून, उपरणं तोंडावर ओढून, मागच्या दारानं घरी गेला.

त्यानंतर मोटार बाहेर निघेना. फौजदारांनी बाभळी सोडून दिल्या आणि ड्रिलमास्तरांचं घड्याळ परत आलं. भिंतीपलीकडून नोटीस येईना, "कायद्यात कुठं लिहिलंय" ऐकू येईना. बहिरा आचारी तेवढा भांडी आपटत असे. मला चैन पडेना. शेवटी एका संध्याकाळी मी त्यांच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "साक्षीदार हजर आहे."

त्यांनी खुंटीवरचं उपरणं घेतलं.

मोटारीचे दिवे मळके होते. वळसंगचा रस्ता आम्ही कापत होतो. बाभळी गेल्या. दिवेलागण झाली होती. समोरून कासीमची सर्व्हिस मोटार येताना दिसली. नरहरपंतांनी दोन्ही हातांनी चक्र आवळून धरलं आणि नजर रस्त्यावर रोवली. बटणाकडे हात गेला नाही.

समोरचे दिवे मिचकावले. आपण होऊन, आधी. पुन्हा मिचकावले.

"वकीलसाहेब," मी म्हणालो, "पोच द्यायला हवी."

"द्यावीच लागते असं कायद्यात कुठं लिहिलंय, दाखवा," ते म्हणाले. आणि मोटार अगदी जवळ आली तेव्हा त्यांनी घाईघाईनं बटण दाबलं. एकदा नाही, कासीम आम्हाला ओलांडून मागं जाईपर्यंत दाबतच राहिले. सर्व्हिस मोटारीतल्या उतारूंनीही हात हलवले. आम्ही करडईच्या शेतात शिरलो. मी ओरडलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन बाहेर पडलो. नरहरपंत फाटकाशी उभे होते. मी सवयीनं गिरणीच्या धुराड्याकडे बघणार, तेवढ्यात ते खाकरले.

"काय मास्तर," ते म्हणाले, "कुठं निघालात?"

"शाळेत," मी म्हणालो.

त्या दिवशी रविवार होता आणि माझ्या हातात भाजीची पिशवी होती. पण गडबडीत जे सुचलं ते बोललो. उत्तर दिल्याशिवाय पुढं जाववलं नाही.