संपलं, असं लिहून द्या

"आजोबा, यंदा हत्तीला सोंड पाहिजे हं," नातीने फोनवर बजावलं.

मागच्या वाढदिवसाला त्यांनी तिला लाकडी प्राण्यांचा संच कापून दिला होता. नेमकं हत्तीच्या सोंडेपाशी करवतीचं पातं सटकलं, सोंड तुटून खाली पडली आणि नातीने त्या हत्तीला वर्षभर डुक्कर म्हणून खेळवलं. आजोबांच्या ते फार जिव्हारी लागलं होतं. अहो, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस! अडतीस वर्षांत एक फाईल अर्धवट सोडली नाही, आणि इथे एक सोंड निघेना. येत्या रविवारी नात पाच वर्षांची होणार होती.

दोष करवतीचा होता. लाकडात नक्षी कापायचं ते टेबलावरचं छोटं मशीन त्यांनी नऊ वर्षांपूर्वी घेतलं होतं, तेही दुकानातलं सगळ्यात स्वस्त. पातं धरून ठेवणाऱ्या स्क्रूचे आटे झिजून गुळगुळीत झाले होते. आजोबा त्यात पुठ्ठ्याचा तुकडा कोंबून वेळ मारून नेत. मशीन सुरू केलं की टेबल, त्यांचा चष्मा आणि कपाटातल्या बाटल्या सगळंच थडथडायला लागायचं.

"नवीन घेऊ या का गं?" त्यांनी आजीला विचारलं.

आजीने फ्रिजला चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं.

कागद आजोबांच्याच अक्षरातला होता. सहा वर्षांपूर्वी आजीने नवा मिक्सर मागितला, तेव्हा त्यांनी नियमच करून टाकला होता: 'दुरुस्तीवाल्याने "संपलं" असे लेखी दिल्याशिवाय घरात नवी वस्तू येणार नाही.' खाली सही आणि तारीख. मिक्सरच्या झाकणाची खिटी तेव्हापासून मोडलेली. आजी ओट्याशी वाकून दोन्ही हातांनी झाकण दाबून धरायची, तरी शिंतोडे उडायचेच. आणि आजोबा बाहेरच्या खोलीतून, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता ओरडायचे, "झाकण दाबून धर!"

"अगं, तो नियम मिक्सरपुरता होता."

"मिक्सर कुठे लिहिलंय? 'वस्तू' लिहिलंय. अक्षर चांगलं सुवाच्य आहे तुमचं."

आजोबांचं डोकं मात्र गप्प बसेना. मशीन आपणहून संपत नसेल, तर त्याला थोडी मदत करायला काय हरकत आहे?

दुसऱ्या दिवशी आजी बहिणीकडे गेल्याबरोबर त्यांनी पात्याखाली भली जाड फळी रेटली आणि मशीन सुरू करून ठेवलं. मशीन कण्हलं, कुंथलं, मग किंचाळलं. तासाभराने त्यातून धूर निघाला. आजोबांना इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

"कसला हो हा वास?" आजीने दारातूनच विचारलं.

"मशीन गेलं बिचारं," आजोबा शक्य तितका पडेल चेहरा करून म्हणाले.

"अरेरे! चला मग, लिहून आणू. मीही येते."

दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे वायरींचं जंगल. पोटं उघडी पडलेले पंखे आणि इस्त्र्या बाजूला सारून त्याने मशीन उघडलं आणि च् च् केलं.

"काका, स्क्रू तर पाच मिनिटांत बदलून दिला असता. पण मोटर कशी जळाली? मुद्दाम जाळल्यासारखी जळलीय."

आजीने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी पंख्यांकडे पाहिलं.

"ते जाऊ दे रे. संपलं ना? तेवढं कागदावर लिहून दे."

"छे छे, मी नाही लिहिणार."

"अरे, का पण?"

"काका, तुम्हीच शपथ घातलीत ना? 'आमच्या घरातलं काहीही येऊ दे, संपलं म्हणायचं नाही, चालू करूनच द्यायचं.' सहा वेळा मिक्सर आणलात, एकदा तरी म्हणालो का मी?"

बंद पडलेले पंखेसुद्धा ऐकत असावेत.

"सहा वेळा," आजी सावकाश म्हणाली. "आणि मी समजत होते, मिक्सरच चिवट आहे. बरं दादा, आता ह्याचं काय करायचं?"

"दुसरी मोटर बसवायची, काकू. पण ह्या मापाची आता मिळत नाही. कशातली तरी जुनी काढून बसवावी लागेल."

"मिक्सरची चालेल?"

"चालेल? पळेल!"

आजी घरी गेली ती अर्ध्या तासात मिक्सर काखोटीला मारून हजर.

"अगं, तो चालू आहे!" आजोबा कळवळले.

"मोटर काढली की नसेल. रविवार परवावर आलाय. सोंड हवीय की मिक्सर, बोला."

आजोबांनी एकदा मिक्सरकडे पाहिलं. त्यांना नातीचं डुक्कर आठवलं. घसा खाकरून ते म्हणाले, "बसव बाबा."

दुरुस्तीवाल्याने मोटर बसवली, नवा स्क्रू लावला, मिक्सरचं एक-दोन-तीनचं बटणसुद्धा हौसेने मशीनला जोडून दिलं. मग शपथेची आठवण येऊन तो घुटमळला. आजीने त्याच्या हातात पेन दिलं. 'मिक्सर संपला,' त्याने लिहिलं आणि सही केली.

शनिवारी सकाळी ओट्यावर नवाकोरा मिक्सर आला. त्याचं झाकण खट्कन आपलं आपण बसायचं. आजोबांनी आतल्या खोलीत मशीन मांडलं आणि बटण एकवर ठेवलं. पातं सरसर चाललं, हत्तीच्या पोटाखालून वळलं, कपाळावरून उतरलं आणि सोंड निघाली! चांगली लांब, टोकाशी वळलेली सोंड. आजोबांचे डोळे भरून आले.

त्या आनंदाच्या भरात वाघासाठी त्यांनी बटण तीनवर फिरवलं. मोटर मिक्सरचीच, ती कशाला ऐकतेय! फळी थाडथाड उड्या मारायला लागली, भुसा चष्म्यावर, मिशीत, कानात. आजोबा टेबलावर ओणवे झाले आणि दोन्ही हातांनी फळीवर पडले.

बाहेरच्या खोलीतून, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता आजीचा आवाज आला.

"फळी दाबून धरा!"