पाऊण पानाच्या रेट्याची हकीकत

श्रीगजवदन कृपा करोत आणि काटा शून्यावर राहो. शके १९४८, पराभव नाम संवत्सरे, चैत्र शुद्ध दशमी. संवत्सराचे नाव वाईट खरे, परंतु कार्य बरे जाहले, ते ऐसे.

राज्यात तिमाजीपंत यंत्रकार म्हणोन होते. त्यांणी आकाशी जहाज न्यावयास विजेचे यंत्र सिद्ध केले. ते वायूचे कण मागे फेकी आणि त्याच्या रेट्याने जहाज पुढे सरके. रेटा विड्याच्या एका पानाच्या वजनाइतका भरेल, ऐसे पंत सरकारात बोलून बसले. आणि रेटा मोजावयाचे काम म्हाळसाबाईंकडे, ज्या पंतांचेच कुटुंब. पुरा भरला तर लोक कुजबुजणार, कमी भरला तर घरी जेवण गोड लागणार नाही. त्यातून जहाजाचा शिधा बाईंच्या आकड्यावर ठरावयाचा. आकडा फुगला तर शिधा थोडका मिळणार आणि माणसे अर्ध्या वाटेत उपाशी. ऐसे संकट बाईंस पडले.

मग दरबारमहालात लोखंडी कोठी मांडिली आणि आतील हवा उपसली आणि आत झोपाळा टांगून त्यावर यंत्र बसविले. झोपाळा केसभर हलला तरी बाहेरचा काटा सांगे. बाईंनी सकाळी रिकाम्या महालात काटा शून्यावर आणिला. मग दरबार भरला. उजवी बाजू मानाची, म्हणोन थोर सरदार आपापल्या पोटांसह तिकडे बसले, आणि डावीकडे कारकून, ते वाळके. यंत्र चालविले, तो काटा उजवीकडे सव्वा पानावर गेला. दरबार आनंदला आणि महाराजांनी शिरपाव आणविला आणि पंतांनी मिशीवरून हात फिरविला. परंतु बाईंस ते रुचेना. पंत बोलताना हात राखीत नाहीत, हे त्यांस संसारात कळोन चुकले होते. बोलल्याहून अधिक भरावे, हे नवलच. मग म्हणाल्या, "सरकार, यंत्र बंद करावे." बंद केले, तरी काटा अर्ध्या पानावर ठाम उभा.

पंत हळूच म्हणाले, "थोडा दम धरायचा होतात, शिरपाव तरी अंगावर पडला असता."

बाई सरकारास म्हणाल्या, "यंत्र तर निजले. हे अर्धे पान उजवीकडच्या मंडळींचे आहे. भुई तिकडे दबली, झोपाळा कलला."

सरदार रुसले. महाराज मात्र हसले आणि पडताळा पाहावा म्हणोन स्वतः उठून कारकुनांत जाऊन बसले. मग मान तिकडे गेला, आणि सगळे सरदार लगबगीने तिकडे धावले, आणि काटा शून्य ओलांडून उलट्या अंगास गेला. महाराज म्हणाले, "आता आम्हीच बाहेर जावे हे बरे." स्वारी निघाली, मागे दरबार निघाला, आणि काटा निमूट शून्यावर आला. महालात नवराबायको दोघेच राहिली, दोन अंगांस दोघे. यंत्र पुन्हा चालविले. पाऊण पान भरले.

पंतांचा चेहरा उतरला. बाईंनी क्षणभर तिकडे पाहिले, आणि मग दार उघडून आकडा आहे तैसा सांगितला. महाराजांनी पुसिले, एवढ्या रेट्यात जहाज पोहोचेल काय. बाई म्हणाल्या, "उशिरा पोहोचेल. पण हे यंत्र दमत नाही. शिधा वाढवून द्यावा."

शिधा वाढविला. जहाज गेले. पुढे निरोप आला की सुखरूप पोहोचलो, शिध्याचे शेवटले पोते कालच उघडले. पंतांनी तो ऐकिला. मग उठून बाईंसाठी चहा ठेविला, जे त्या घरी पूर्वी घडले नव्हते. साखर अंमळ जास्त पडली. बाईंनी चहा सगळा घेतला.

एवंच यंत्र बोलल्याहून थोडके, माणसे सगळी जिवंत, आणि घर शाबूत. जाहले ते इतके.