कोरांटी आणि मल्हाररावांची मिशी

शरच्चंद्र आपटे सकाळपासून फाटकापाशी येरझारा घालत होते. लेकीचं, अंतराचं, लग्न आज ठरायचं किंवा मोडायचं होतं. तिला आणि विक्रमसिंहला कोर्टात सह्या करून मोकळं व्हायचं होतं. विक्रमसिंहचे वडील, पिढ्यान्पिढ्या उत्तरेत बिर्लानगरला राहिलेले मल्हारराव, हजार पानांच्या पंगतीवर अडून बसले होते. त्यात कालच कळलं होतं, की मल्हारराव कुणाच्या बापाला घाबरत नाहीत, फक्त मधमाश्यांना घाबरतात.

आणि फाटकालगत कोरांटी फुललेली! अंतराने ती मधमाश्यांसाठीच लावली होती. ना खत, ना पाणी, तरी दर थंडीत पिवळीजर्द.

"छाटूनच टाकतो," शरच्चंद्र म्हणाले.

"आप्पा, खबरदार! बिचाऱ्या थंडीत कुठे जातील?"

"आणि तुझं लग्न कुठे जाईल?"

शेवटी झाड ठेवून फुलं खुडायचं ठरलं. काट्यांनी शरच्चंद्रांची बोटं सोलवटली. खुडलेली फुलं फेकायची नसतात, म्हणून अंतराच्या आईने, शामलाताईंनी, ती बैठकीतल्या देवांना वाहिली. देव दिसेनासे झाले.

मल्हारराव आणि त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई येऊन बसले. पाहुण्यांना ऊन मिळावं म्हणून शामलाताईंनी खिडकी उघडली. बाहेर उपाशी मधमाश्या फुलं शोधतच होत्या. दोन-चार आत शिरल्या. शरच्चंद्रांनी घाबरून खिडकी लावली, त्यामुळे आत आलेल्या आतच राहिल्या.

"देखिए आपटेसाहेब," मल्हाररावांनी सुरुवात केली, "आमच्या खानदानात आजतक..."

एक मधमाशी त्यांच्या मिशीवर टेकली.

"काका, हिलना मत!" अंतरा ओरडली. "बोलू पण नका. आपणहून उडेल ती."

मल्हाररावांचा पुतळा झाला. शरच्चंद्रांनी मनातल्या मनात सोयरीक सोडून दिली.

"किती वेळ बसते गं ही?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"काही सांगता येत नाही, काकू."

"बरं." कुमुदिनीबाई पदर खोचून सरसावून बसल्या. "मग मी बोलून घेते. लग्न कोर्टातच होऊ दे. जेवायला घरचीच माणसं. हरकत असेल तर हे सांगतीलच. काय हो?"

मल्हाररावांचे डोळे गरगर फिरले. ओठ हलले नाहीत.

"बघा, नाही म्हणत नाहीयेत."

मधमाशी उडाली. मल्हाररावांनी तोंड उघडलं, तोच शामलाताईंनी त्यात पेढा घातला. देवांसमोर तोंड गोड झालं. आता शब्द फिरवणार कसा?

निघताना कुमुदिनीबाई कोरांटीपाशी थबकल्या.

"शामलाताई, हिची एक फांदी द्या ना. यांच्या खुर्चीमागे लावते."