दगडूच्या पाठीवर बारा किलो

"वैनी, त्या बैलाला हातानं काही भरवू नका हां. एकदा चव लागली की तो माणसाला सोडत नाही," असं आमच्या शारजातल्या शेजारणीनं, हलिमानं मला बजावलं होतं. मी हसले होते. एम.कॉम. झालेल्या बाईला बैलाबद्दल काय सांगता! शिवाय माझं लक्ष बैलावर नव्हतंच, नवऱ्यावर होतं.

हलिमाचा नवरा कमरुद्दीन मूळ म्हसळ्याचा. शारजात गॅरेज सांभाळतो, आणि अजमानच्या बाहेर त्याच्या अरबी मालकाची वाडी आहे, तिथला दगडू नावाचा बैलही सांभाळतो. पाठीवर काही ठेवलं की दगडूचे चारी पाय हवेत! अशा बैलांची परदेशात स्पर्धा असते म्हणे. व्हिडिओ पाठवायचा, परीक्षक घरबसल्या बघतात. नंबर आला तर मालक दगडूला ठेवणार होता, नाहीतर विकणार होता. शूटिंग करणार होता माझा नवरा उपेंद्र, कारण त्याचा फोन नवा.

इथवर ठीक. पण गुरुवारी उपेंद्रनं आमच्या अडीच वर्षांच्या तन्मयला वजनकाट्यावर उभं केलं, मग गॅलरीत जाऊन फोनवर कुजबुजला, "बरोबर बारा किलो. पाठीवर पट्ट्यांनी बांधू. हिला मात्र बोलू नकोस."

माझ्या हातातलं लाटणं तिथेच थांबलं. कपाट उघडून बघते तर तन्मयचं बेबी कॅरियर गायब!

दुसरी एखादी भांडली असती. मी विचार केला, भांडले तर हा मला चुकवून पोराला घेऊन जाईल. त्यापेक्षा बैलाचाच बंदोबस्त केलेला बरा. पुरणपोळी खाल्लेला माणूस दाराची कडी काढायलाही उठत नाही, तर बैल काय उड्या मारणार?

शनिवारी सकाळी मी डबा घेऊन गाडीत बसले. पोळ्याचा नैवेद्य राहिलाय, म्हटलं. उपेंद्रनं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी आरशातून त्याच्याकडे. अजमान येईपर्यंत आम्ही एवढंच केलं.

वाडीवर ते दोघं कॅमेऱ्याची जागा ठरवायला गेले, आणि मी कुंपणातून दगडूला अकरा पोळ्या भरवल्या, साजूक तुपासकट. त्यानं माझा हात कोपरापर्यंत चाटला. तन्मय म्हणाला, "ममा, ही इज स्लीपी." मी निश्चिंत.

तेवढ्यात कमरुद्दीन एक लोखंडी पेटी घेऊन आला. आत वाळू. खाली माझ्या कॅरियरचे पट्टे.

"हे काय?"

"पेटी, वैनी. कोवळ्या बैलावर माणूस बसवत नाहीत. नियमानं बारा किलो वजन लागतं."

"मग तन्मयला काट्यावर कशाला चढवलं?"

उपेंद्र चपलेनं वाळू उकरायला लागला. "क्लिनिकमध्ये तो परवा बारा भरला होता ना. पेटी मोजायच्या आधी आपला काटा खरं बोलतो का, तेवढंच बघितलं. पट्टे कापले, म्हणून तुला बोललो नाही."

मी डब्याचं झाकण हळूच घट्ट केलं.

दुपारी बारापर्यंत व्हिडिओ पाठवायचा होता, तोही एका दमात घेतलेला. "यल्ला, चला," म्हणत कमरुद्दीननं फाटक उघडलं. दगडू बाहेर आला, पेटीसकट, जेवून शतपावलीला निघालेल्या जावयासारखा. सरळ माझ्याकडे आला, माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि पिशवीतून रिकामा डबा ओढून काढला. सगळं कॅमेऱ्यात आलं.

कमरुद्दीननं डब्यात वाकून बघितलं. "खलास," म्हणाला, आणि होता तिथे खाली बसला.

तरी व्हिडिओ पाठवला. परीक्षकांनी गुण दिले नाहीत, पण बैलाची तब्येत कशी आहे अशी आपुलकीनं चौकशी केली. मालकाची धाकटी मुलगी मात्र तो व्हिडिओ बघून इतकी हसली, की दगडू वाडीवर राहिला.

फक्त आता तो चाऱ्याला तोंड लावत नाही, असं कमरुद्दीन सांगतो. म्हणून दर शनिवारी मी अकरा पोळ्या करते आणि उपेंद्र त्या पोचवतो. डबा चाटूनपुसून परत येतो. काल उपेंद्र काट्यावर उभा राहिला, तर तीन किलो वाढलेला! आणि आमचा काटा खरं बोलतो, हे तर सिद्ध झालंय.

अजमानकडे तुमचं कधी जाणं झालं, तर जरा दगडूला बघून या. बारीक दिसला तर मला कळवा. उपेंद्रला बोलू नका.