व्हालमोंसाहेबांची चौथी निवृत्ती

माणसाने पदावर किती काळ राहावे याला मर्यादा असते. पद सोडण्याला मात्र अशी मर्यादा नाही. ते कितीही वेळा सोडता येते.

हे सत्य ओनोरे व्हालमों यांनी आयुष्यभर आचरणात आणले. व्हालमोंसाहेब फ्रान्समधल्या जुन्या उजव्या पक्षाचे पुढारी. पक्षाने मधल्या काळात तीनदा नाव बदलले, साहेबांनी मत एकदाही बदलले नाही (मत कोणते, हे विचारण्याची वेळ कुणावर आली नाही). ते एका मध्यम गावाचे महापौर होते, खासदार होते आणि दोनदा मंत्री होते: एकदा शेतीचे आणि नंतर, शेतकरी फार चिडल्यामुळे, संस्कृतीचे. राष्ट्राध्यक्षपदासाठी ते दोनदा उभे राहिले आणि दोन्ही वेळा त्यांनी नैतिक विजय मिळवला. नैतिक विजयाची मतमोजणी होत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे.

पण त्यांचे खरे कर्तृत्व निवृत्तीत. पहिली निवृत्ती त्यांनी सफरचंदांच्या बागेकडे लक्ष देण्यासाठी घेतली. सफरचंदे पिकायच्या आत ते परत आले. दुसरी तब्येतीच्या कारणावरून घेतली (तब्येत पक्षाची खालावली होती). तिसरी नव्या पिढीला वाव देण्यासाठी. तो दिल्यावर नव्या पिढीने त्याचे काय केले, हे पाहायला त्यांना परतावेच लागले. चौथ्या निवृत्तीसाठी ते आयर्लंडमध्ये आले आणि ट्रली गावाच्या बाहेर, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर घर घेऊन राहिले.

शेजारच्या घरात मोरेश्वर राजवाडे राहत. ट्रलीच्या इस्पितळात ते कॉम्प्युटर सांभाळत आणि उरलेल्या वेळात मराठी मंडळ. मंडळाचे ते संस्थापक अध्यक्ष. घटनेप्रमाणे अध्यक्षाची मुदत एक वर्षाची होती आणि मोरेश्वर ती काटेकोर पाळत. वर्ष संपले की वार्षिक सभेत उठून म्हणत, "आता नवीन माणसं येऊ द्या. मला मोकळं करा." मग मागच्या रांगेतून आवाज येई, "असं कसं, तुम्हीच पाहिजे." मोरेश्वर नको म्हणत. पुन्हा आवाज येई, पुन्हा नको म्हणत. पंगतीत जिलबी नको म्हणणारा माणूस ताटावर हात आडवा धरतो, पण बोटांत जिलबीपुरती फट ठेवतो. तशी फट ठेवून ते शेवटी "बरं, सगळ्यांचीच इच्छा असेल तर" म्हणत आणि खाली बसत. असे बरीच वर्षे चालले. लोकशाहीचा याहून निर्दोष प्रकार अजून कुणाला सापडलेला नाही.

यंदा हिवाळ्यात त्यांची पत्नी विजयालक्ष्मी वारली.

त्यानंतर अध्यक्षपदाचे महत्त्व वाढले. गणपतीला हॉल कोणता, ढोल कुणाच्या गॅरेजमध्ये, दूर कॉर्ककडच्या रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात काम करणारी मंडळी आरतीला येणार की नुसती जेवायला, असे फोन यायचे आणि घरात कुणीतरी बोलायचे. फोन नसला की फ्रिज बोलायचा. पद गेले तर मागे फ्रिज राहील, एवढे मोरेश्वरांना कळत होते.

सभेच्या आदल्या रविवारी ते व्हालमोंसाहेबांचे वायफाय दुरुस्त करायला गेले. (साहेबांचे वायफाय दर रविवारी बिघडे. याला एकटेपणा म्हणण्याची फ्रान्समध्ये पद्धत नाही.)

"साहेब," मोरेश्वरांनी विचारले, "तुम्ही जातो म्हटलं की लोक परत बोलावतात. हे जमतं कसं?"

"जुना स्वेटर घालायचा. आवाज खाली ठेवायचा. जाण्याचं कारण एकच द्यायचं. दोन दिली तर लोकांना पटतं."

"आणि आग्रह कोण करतं?"

साहेब खिडकीकडे वळले. "मादलेन. माझी बायको. सकाळपासून फोन घेऊन बसायची. याला सांग, त्याला सांग. मला वाटायचं, देश बोलावतोय."

"आता?"

"आता ती नाही. म्हणून तर चौथी निवृत्ती अजून चालू आहे."

मोरेश्वरांना त्यांची फार दया आली. इतका मोठा माणूस, आणि मागे फक्त एक बायको होती. आपल्यामागे सबंध ट्रली होती.

सभा गेलिक फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये भरली. मोरेश्वर जुना स्वेटर घालून उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आता नवीन माणसं येऊ द्या. मला मोकळं करा."

त्यांची नजर मागच्या रांगेकडे गेली. तिथे विजयालक्ष्मीच्या नेहमीच्या खुर्चीवर कुणाचे तरी ओले जॅकेट वाळत टाकले होते.

सेक्रेटरी उपेंद्र उठला. गुणी मुलगा, ऑफिसात वीस माणसे सांभाळतो. "काका, हंड्रेड पर्सेंट. यंदा तुम्ही खूप सोसलंय. आम्ही तुमच्या डिसिजनचा रिस्पेक्ट करतो."

"नाही, म्हणजे, तसं काही..."

"गिल्ट घेऊ नका, काका," सुमेधा म्हणाली. ती खजिनदार. "आम्हालाही वाटत होतंच, पण विचारणार कसं? आता जरा स्वतःसाठी वेळ काढा."

"वेळ आहे गं माझ्याकडे."

"तेच म्हणतेय मी."

"ग्रँड," संकेत मागून आयरिश थाटात म्हणाला, म्हणजे उत्तम, आणि टाळ्या सुरू झाल्या.

यात कुणाचाही दोष नव्हता. ही सगळी मुले चांगल्या कंपन्यांत काम करतात. समोरचा नाही म्हणाला की नाहीच समजावे, पुन्हा विचारणे हा त्याच्यावर दबाव असतो, असे तिथे दर वर्षी शिकवतात आणि शेवटी परीक्षाही घेतात. सगळे पास झालेले होते. उपेंद्र बिनविरोध अध्यक्ष झाला. मोरेश्वरांना शाल दिली. नारळ आयत्या वेळी न मिळाल्यामुळे अननस दिला (श्रीफळाचा अर्थ व्यापक घ्यावा, असे सुमेधाने सुचवले).

खुर्च्या आवरताना मंडळाची जुनी सभासद उर्मिला जवळ आली. "काकू असत्या तर तुम्हाला सोडलं नसतं हो."

"ती काय करणार होती?"

"अहो, दर वर्षी सभेच्या आधी फोन यायचा त्यांचा. 'उर्मिला, तू पहिली बोल, मग आशिषला बोलायला लाव. ते दोनदा नाही म्हणतील, तिकडे लक्ष देऊ नका. फार पण म्हणू नका, चढतील.'"

मोरेश्वरांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. "मग आज का नाही बोललीस?"

उर्मिला गोंधळली. "फोन नाही आला ना, काका."

पुढच्या रविवारी साहेबांचे वायफाय चालू होते. मोरेश्वर तरीही गेले. अननस कापून नेला होता.

"साहेब, फ्रान्सला तुमची गरज आहे."

"छे. मी एक्याऐंशीचा आहे."

"असं कसं, तुम्हीच पाहिजे."

"मोरे, माझे गुडघे गेले."

"बसून काम करा. पण तुम्हीच पाहिजे."

साहेबांनी फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली. "बरं," ते म्हणाले, "देशाची इच्छाच असेल तर." मग चष्मा पुसत त्यांनी विचारले, "आणि तुमचं मंडळ? तुमच्याशिवाय ते कसं चालेल?"

"चालेल हो."

"अशक्य."

व्हालमोंसाहेब राजकारणात परतल्याची घोषणा त्या दुपारी, एका माणसासमोर, रीतसर झाली. फ्रान्सने तिची अद्याप दखल घेतलेली नाही.

वाचकांनी मंडळाला हसायला हरकत नाही. हसून झाल्यावर एवढेच आठवावे, की परवा घरचे म्हातारे माणूस फोनवर म्हणाले, "नको रे, एवढ्या लांब येऊ नकोस, मी मजेत आहे," तेव्हा आपण पुन्हा विचारले होते का. नसेल विचारले, तर त्यांच्या निर्णयाचा आदर केल्याबद्दल आपले अभिनंदन. त्यांनी फोन ठेवला आहे.