पक्क्या रंगाचा परग्रहवासी

"यंदा रंग उतरणार नाही!" रंगाऱ्याने जेवताजेवता जाहीर केलं आणि मूठ अशी आपटली की पाण्याचा पेला कलंडला.

"आधी हे पाणी पुसा," बायको म्हणाली.

घोषणेमागे जखम होती. मागच्या वर्षी शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत त्यांची लेक, टिकली, पोपट झाली होती. दुकानातून आणलेला रंग स्टेजवरच्या दिव्यांच्या उष्णतेने ओघळला, मानेवरून कॉलरमध्ये गेला आणि मागून कोणीतरी ओरडलं, "पोपटाला गळती लागली!" सगळं सभागृह हसलं. टिकली एक शब्दही न बोलता खाली उतरली आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. गावभरच्या भिंती रंगवणाऱ्याच्या पोरीचा रंग गळावा, ही गोष्ट रंगाऱ्याच्या जिव्हारी लागली होती.

यंदा टिकलीने स्वतःहून नाव दिलं होतं. परग्रहवासी म्हणून. पोरगी पुन्हा उभी राहतेय म्हटल्यावर बापाची छाती फुगली. आता काहीही झालं तरी तिच्यावर कोणी हसता कामा नये, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं.

"पण परग्रहवासी म्हणजे दिसतो कसा?" बायकोने विचारलं.

"हिरवा! टीव्हीवर बघत नाहीस? टक्कल, हे एवढाले डोळे, डोक्यावर दोन अँटेना. उडती तबकडी चालवण्याइतकी अक्कल आहे, पण अंगावर कपडा नाही."

"चला, शिवणकाम वाचलं."

"बाबा, पण माझा परग्रहवासी..." टिकलीने तोंड उघडलं. पण बाबा माळ्यावर चढलेसुद्धा होते.

माळ्यावरून उतरले ते रंगाचे चार डबे. बाहेरच्या भिंतींना लावायचा, ऊन-पाऊस झेलणारा रंग. बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, लेकीच्या तोंडाला इमारतीचा रंग फासणार?"

"वेडी का काय? आधी नमुना बघायचा!"

आता रंगाऱ्याच्या धंद्याचा एक नियम होता. तो कधीही थेट भिंत रंगवत नसे. आधी छोटे पट्टे मारायचे, वाळू द्यायचे, गिऱ्हाइकाला दाखवायचे. आणि नमुना त्याच भिंतीवर घ्यायचा. पुढच्या भिंतीचा रंग मागच्या भिंतीवर बघून चालत नाही. त्या हिशोबाने तोंडाच्या रंगाचा नमुना तोंडावरच घ्यायला हवा. पोरीच्या नाजूक कातडीला धोका नको. राहिलं कोणाचं तोंड? त्याने आरसा पुढे ओढला. कपाळावर पोपटी, एका गालावर पानाचा हिरवा, दुसऱ्या गालावर शेवाळी, हनुवटीवर बाटलीचा हिरवा. पट्टे सफाईदार आले. सवयीने त्याने दुसरा हातही मारला.

रात्री साबण लावला. रंग हलला नाही. तेल चोळलं, तेव्हा मात्र हलला, पण निघायच्या ऐवजी पसरला. चारही छटा एकमेकींत मिसळून कानापासून कानापर्यंत एकच तुकतुकीत हिरवा झाला. त्याने थिनरच्या बाटलीला हात घातला, ती बायकोने हिसकावून घेतली.

"रंग चांगलाय पण," तो आरशात बघत म्हणाला.

"लेकीच्या जवळ तो डबा दिसला ना, तर याद राखा!"

सकाळी कामावर जाणं भाग होतं. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं छत अर्धं राहिलं होतं. तोंडाला फडकं गुंडाळून तो शिडीवर चढला. पण तिथल्या उकाड्यात जीव गुदमरला, म्हणून फडकं सोडून खाली उतरला, तर समोर खुर्चीत एक चिमुरडी. ती मघापासून दातओठ आवळून बसलेली आणि डॉक्टरीणबाईंनी पार हात टेकलेले.

"तू कुठून आलास?" चिमुरडीने विचारलं.

"वरून," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

चिमुरडीचा आ वासला.

"तसंच! तसंच ठेव!" म्हणत डॉक्टरीणबाईंनी आरसा आत घातला. काम झाल्यावर त्यांनी रंगाऱ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तुम्हाला काय झालंय ते मी विचारत नाही. पण उद्याही हेच तोंड घेऊन या."

मग तो आठवडाभर तेच तोंड घेऊन गेला. दुसरं होतंच कुठे? येताजाता लोक वळून बघत, बसमध्ये शेजारची जागा रिकामी राही. पण त्याने कंबर कसली होती. नाटकवाल्यांच्या एका मेकअपमनला गाठून त्याने कातडीला चालणारे रंग मिळवले, ते घामात कसे टिकवायचे तेही शिकून घेतलं.

स्पर्धेच्या सकाळी त्याने हिरव्या रंगाची कांडी उघडली. टिकली मागे सरकली.

"बाबा, माझा परग्रहवासी करडा आहे."

"करडा?"

"हिरवे जुने झाले. आता सगळे करडेच असतात. मी कधीची सांगतेय, तुम्ही ऐकतच नाही."

रंगाऱ्याने हिरव्या कांडीला टोपण लावलं. चार नमुने दाखवावेत आणि गिऱ्हाइकाने पाचवाच रंग मागावा, हे त्याने जन्मभर भोगलं होतं. पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो. त्याने पांढरा आणि काळा मिसळला, पातळ हात मारला, पावडर थोपटली, पुन्हा हात मारला. असा एकसारखा करडा त्याने कुठल्या बंगल्यालाही दिला नव्हता.

सभागृहात तो बायकोची ओढणी तोंडावर घेऊन शेवटच्या रांगेत बसला. तशी बायकोची सक्त ताकीद होती.

टिकली स्टेजवर आली. दिवे पेटले. रंग जागचा हलला नाही. रंगाऱ्याने सुटकेचा निःश्वास सोडला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की टिकली बोलतच नाहीये.

"परग्रहवासी, तुम्ही कुठून आलात?" शाळेच्या बाईंनी हळूच आठवण करून दिली.

टिकलीचे ओठ थरथरले. मागच्या वर्षी थरथरले होते तसेच. पुढच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. गळणारा रंग थांबवता येतो. पळालेले शब्द कसे थांबवायचे, हे रंगाऱ्याला कोणी शिकवलं नव्हतं.

"अहो, बसा!" बायको पुटपुटली.

पण तो उभा राहिला होता. त्याने ओढणी काढून तिच्या मांडीवर टाकली आणि दोन्ही हात उंच केले.

सगळं सभागृह वळलं आणि एकच हशा उसळला. मागच्या वर्षीपेक्षा दुप्पट. टिकलीने बापाकडे पाहिलं, हसणाऱ्या लोकांकडे पाहिलं आणि माइक हातात घेतला.

"ते माझे बाबा. ते जुन्या पद्धतीचे आहेत," ती ठणठणीत आवाजात म्हणाली. "आमच्याकडे आता करडे असतात."

टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली आणि मग सगळं भाषण एका दमात, एकही शब्द न गाळता म्हणून मोकळी झाली.

रंगारी खाली बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. बायकोने आपला पांढरा रुमाल पुढे केला. त्याने डोळे पुसले, गाल पुसले, आणि रुमाल उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी तपासला. कुठेही डाग नव्हता.

"बघ," तो म्हणाला, "सांगितलं होतं ना, यंदा उतरणार नाही!"